पाटी, कागद आणि कॉम्प्युटरमधली जागा

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब इतिहास सोडून कॉम्प्युटर दुरुस्तीकडे कधी वळले? पण कॉम्प्युटर भरला की काय ठेवायचं आणि काय पुसायचं, हा प्रश्न फार जुना आहे. त्यासाठी आज तुम्हाला तमिळनाडूतल्या कुंभकोणमला नेतो. हे गाव आपल्याला परकं नाही. ते तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातलं. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव याच गावी 1828 साली एका मराठी घरात जन्मले.

याच गावातल्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर एक छोटं घर आहे. श्रीनिवास रामानुजन तिथे वाढले. आता ते स्मारक म्हणून जपलेलं आहे. रस्त्याकडेला ओटा, आत खिडकीपाशी खाट. बस, एवढंच. या घरात जागेची अडचण होती ती कागदाची. रामानुजनांना महिन्याला रिमच्या रिम कागद लागला असता, आणि घरात तेवढे पैसे नव्हते. म्हणून ते पाटीवर गणित करायचे. पाटी भरली की फडकं शोधायलाही थांबायचे नाहीत, कोपरानेच पुसायचे आणि पुढे लिहायचे. उत्तर हाती आलं की तेवढंच वहीत उतरवायचं. मधल्या सगळ्या पायऱ्या कोपराखाली गेल्या.

पैशांची तंगी हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे कार यांचं पुस्तक. ते रामानुजनांच्या हाती शाळकरी वयात पडलं. त्यात सुमारे पाच हजार सूत्रं ओळीने मांडलेली होती, सिद्धता मात्र नावापुरत्या. रामानुजनांच्या वह्याही त्याच वळणाच्या झाल्या.

याची किंमत किती पडली? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1957 साली या वह्या जशाच्या तशा छापल्या. त्यातल्या तीन हजारांहून अधिक विधानांच्या सिद्धता जमवून किंवा नव्याने रचून अमेरिकेतले गणिती ब्रूस बर्न्ट यांनी पाच खंड काढले. पहिला 1985 साली आला, पाचवा 1998 साली. कोपराने क्षणात पुसलेलं पुन्हा उभं करायला इतकी वर्षं लागली. पण ते उभं राहू शकलं, कारण उत्तर वहीत होतं. एवढं लक्षात ठेवा.

आता दुसरी गोष्ट. रामानुजन 26 एप्रिल 1920 रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. आजारपणातल्या शेवटच्या वर्षाचे त्यांचे सुटे कागद मद्रास विद्यापीठाने 1923 साली इंग्लंडला हार्डी यांच्याकडे पाठवले. पुढे ते जी. एन. वॉटसन या गणितज्ञाकडे गेले. वॉटसन 1965 साली वारले. त्यांच्यावर मृत्युलेख लिहायचा म्हणून जे. एम. व्हिटेकर त्यांच्या घरी गेले, तेव्हा अभ्यासिकेत जमिनीवर कागदांचा थर साचला होता आणि थोड्याच दिवसांत तो सगळा जाळला जाणार होता. त्या ढिगातून रामानुजनांची पानं निघाली. रँकिन या गणितज्ञामार्फत ती 1968 च्या डिसेंबरात केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पोचली आणि पेटीत पडून राहिली. 1976 साली अमेरिकन गणिती जॉर्ज अँड्र्यूज यांनी ती उघडली. शंभराहून अधिक पानं आणि सहाशेच्या वर सूत्रं!

त्यातला काही भाग 'मॉक थीटा' नावाच्या फलांचा. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले भौतिकशास्त्रज्ञ अतीश दाभोलकर यांनी समीर मूर्ती आणि डॉन झागिए यांच्यासोबत 2012 साली हेच गणित कृष्णविवरांच्या अभ्यासात वापरलं. ती पानं जळाली असती, तर त्यांतली उत्तरंही गेली असती. मग बर्न्ट यांच्यासारख्या माणसाने पंचवीस वर्षं देऊनही काय उपयोग?

फौजेत जुने कागद आम्हीही जाळतो. जागा लागतेच. पण आधी यादी होते, अधिकाऱ्यांचं बोर्ड बसतं, सह्या होतात आणि मगच काडी लागते. वॉटसन यांच्या घरी नेमकी ही यादीची पायरी नव्हती. व्हिटेकर त्या आठवड्यात तिथे गेले, हे आपलं नशीब.

आता तुमच्या कॉम्प्युटरकडे या. डिलीट केलेली फाइल सहसा आधी रिसायकल बिनमध्ये जाते, आणि बिन रिकामं होईपर्यंत जागा मोकळी होत नाही. नंतरही जुन्या हार्ड डिस्कवरचा मजकूर लगेच पुसला जात नाही. ती जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते, आणि तिथे नवीन काही लिहिलं जाईपर्यंत जुनं परत मिळण्याची आशा असते. एसएसडीवर ती आशा धरू नका. तिथे पाटीवर कोपर फिरला असं समजा.

म्हणून क्रम असा ठेवा. जे पुन्हा मिळू शकतं ते आधी काढा: डाउनलोड केलेले सिनेमे, प्रोग्रॅमच्या इन्स्टॉलर फाइली, एकाच फोटोच्या चार प्रती, रोज सकाळी येणारी सुप्रभातची चित्रं. एवढ्यानेच बहुतेकांचं काम भागेल. आजोबांच्या पत्रांचे स्कॅन, आईच्या आवाजातली ओवी, 1971 च्या लढाईत आघाडीवरून आलेलं आंतर्देशीय पत्र, या गोष्टी जगात एकच असतात. त्यांची यादी करा, दोन ठिकाणी प्रती ठेवा आणि घरातल्या एका तरुण माणसाला त्या कुठे आहेत ते दाखवून ठेवा. तुमच्या माघारी खोली आवरणाऱ्याला कळलं पाहिजे, की या ढिगात कशाला काडी लावायची नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.