ग्रहांचे आकारमान

सूर्यमालेतील ग्रहांची उतरंड बहुधा विषुववृत्तीय व्यासावरून लावतात : गुरू (१,४२,९८४ किमी.), शनी (१,२०,५३६ किमी.), युरेनस (५१,११८ किमी.), नेपच्यून (४९,५२८ किमी.), पृथ्वी (१२,७५६ किमी.), शुक्र, मंगळ (६,७९२ किमी.) आणि शेवटी बुध (४,८७९ किमी.). आकडे बरोबर आहेत, तरी ग्रहाचे मोठेपण ठरवण्यास व्यास एकटा अपुरा पडतो. युरेनस व्यासाने नेपच्यूनपेक्षा मोठा, पण त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या साडेचौदा पट, तर नेपच्यूनचे सतरा पट आहे. वस्तुमान हे माप धरले की या दोघांचा क्रम उलटतो, आणि ग्रहांची तुलना करताना तेच माप आधी धरले पाहिजे.

पहिले कारण मोजमापातच आहे. पृथ्वी किंवा मंगळाला घन पृष्ठभाग आहे, त्यामुळे व्यास कोठून कोठपर्यंत मोजायचा याबद्दल वाद नाही. गुरू, शनी, युरेनस व नेपच्यून यांच्या वातावरणाखाली असा पृष्ठभाग नाही. वायू खाली खाली दाट होत जातो. म्हणून जेथे दाब १ बार, म्हणजे साधारणपणे आपल्याकडच्या समुद्रसपाटीवरील हवेइतका असतो, ती पातळी ग्रहाची कड मानण्याचा संकेत आहे. व्हॉयेजर २ हे यान १९८६ मध्ये युरेनसच्या आणि १९८९ मध्ये नेपच्यूनच्या मागे गेले, तेव्हा त्याचे रेडिओ संदेश ग्रहाच्या वातावरणातून वाकून पृथ्वीवर पोचले; त्या वाकण्यावरून दाबाची ही पातळी निश्चित करता आली. शिवाय व्यास प्रत्येक दिशेने सारखा नसतो. सुमारे साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरणारा शनी ध्रुवांपाशी इतका चपटा आहे, की त्याच्या दोन व्यासांतील फरक सुमारे ११,८०० किमी., जवळजवळ शुक्राच्या व्यासाएवढा भरतो.

यावर असे म्हणता येईल की संकेत कोणताही धरला तरी व्यासाचा क्रम बदलत नाही. ते खरे आहे. पण त्या क्रमामुळे ग्रहांच्या मोठेपणातील फरकाचा चुकीचा अंदाज येतो. गुरू व्यासाने शनीपेक्षा जेमतेम एकोणीस टक्क्यांनी मोठा, मात्र वस्तुमानाने तो तिपटीहून अधिक आहे. कापसाचा ढीग वाढवत गेले की खालचा थर दबत जातो, तसा गुरूमधील वायू स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने दाबला गेला आहे. घन गोलांतही व्यास फसवतो. गुरूचा उपग्रह गॅनिमीड (५,२६८ किमी.) बुधापेक्षा मोठा आहे, पण बर्फाचे प्रमाण खूप असल्याने त्याचे वस्तुमान बुधाच्या निम्म्याहूनही कमी आहे, बुधाच्या पोटात लोखंडाचा प्रचंड गाभा आहे.

अधिक वजनदार आक्षेप निराळाच आहे. जमिनीचा विस्तार विचारायचा असेल तर वस्तुमान निरुपयोगी ठरते. मंगळाचे वस्तुमान पृथ्वीच्या एकनवमांशाहूनही थोडे कमी, तरी त्याचे सुमारे साडेचौदा कोटी चौ. किमी. क्षेत्रफळ पृथ्वीवरील सर्व खंडांच्या एकत्रित भूभागाच्या जवळपास आहे. तेथे व्यासच उपयोगी, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्या विस्तीर्ण जमिनीवर हवेचा दाब पृथ्वीवरच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, आणि मंगळाला आपले वातावरण राखता आले नाही याचे एक प्रमुख कारण त्याचे अपुरे वस्तुमान हेच आहे.