तळटीप १७ : चौदाव्या रस्त्यावरची पॉला

१७. पॉला क्लॉ (मृत्यू १९९६). न्यूयॉर्कच्या ईस्ट फोर्टीन्थ स्ट्रीटवर तिचा भाऊ अर्विंग क्लॉ (१९१०–१९६६) याचे नटनट्यांचे फोटो विकणारे ‘मूव्ही स्टार न्यूज’ हे दुकान होते. उंच टाचा, कॉर्सेट, काळे मोजे, दोरखंड अशा ‘फेटिश’ छायाचित्रांचा टपालधंदाही तिथूनच चाले. नाव झाले भावाचे. पण मॉडेलना दोऱ्या बांधणे, पवित्रा ठरवणे आणि पुष्कळदा कॅमेऱ्याची कळ दाबणे, ही कामे पॉलाची. मॉडेल बेटी पेज हिची गाजलेली छायाचित्रे या भावंडांकडचीच. त्यांत नग्नता नाही. अश्लीलतेचा ठपका नको म्हणून मॉडेलना एकावर एक दोन चड्ड्या घालाव्या लागत! तरीही १९५५ साली सिनेटर केफॉव्हर यांच्या बालगुन्हेगारीविषयक उपसमितीने अर्विंगला पाचारण केले. त्याने उत्तरे द्यायचे नाकारले. पुढे कायद्याच्या धास्तीने त्याने निगेटिव्ह जाळायला काढल्या. लेखक वर ‘सगळे जळाले’ म्हणतात, ते मात्र बरोबर नाही. पॉलाने बऱ्याच निगेटिव्ह भावाच्या नकळत बाजूला काढून ठेवल्या होत्या.