रोमला कधी जावे?

अठराव्या शतकात इटलीच्या सफरीला निघणाऱ्या इंग्रज सरदारपुत्रांचे वेळापत्रक बर्फ, ताप आणि सण यांवर बेतलेले असे. हिवाळ्याआधी आल्प्स ओलांडलेला बरा. माँ सनीच्या घाटात बग्गी सुटी करून खेचरांवर लादत आणि धनी हमालांनी उचललेल्या खुर्चीत बसून घाट पार करी. मग व्हेनिसचा कार्निव्हल, ईस्टरला रोम. काही जण स्वर्गारोहणाच्या सणाला पुन्हा व्हेनिस गाठत. तिथला डोज, म्हणजे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा प्रमुख, समुद्रात अंगठी टाकून त्याच्याशी लग्न लावी. १७९७मध्ये प्रजासत्ताक बुडाले, तसा तो सोहळाही संपला.

रोमचा उन्हाळा मात्र जाणते प्रवासी टाळत. दलदलीच्या ‘वाईट हवे’ने ताप येतो, असा समज होता; मलेरिया हे नाव त्या इटालियन शब्दांतूनच आले. निदान चुकले, पण पथ्य अचूक होते. डासाच्या पोटातला मलेरियाचा परजीवी रोनाल्ड रॉस यांना दिसला तो १८९७मध्ये, सिकंदराबादेत.