मोहल्ला-विकास आणि संगणक प्रशिक्षण, जयपूर

मोहल्ला-विकास आणि संगणक प्रशिक्षण, जयपूर : संगणक शिकवून आणि इंटरनेट हाताशी आणून वस्तीतल्या माणसांची रोजची कामे, रोजगार आणि सरकारदरबारचे हक्क यांना बळ देण्याचे जयपूर शहरातले प्रयत्न. हे काम कुणा एका संस्थेने आखून केलेले नाही. बिले भरण्याच्या खिडकीतून, नोकरीला लागणाऱ्या प्रमाणपत्रातून आणि माहितीच्या हक्काच्या चळवळीतून ते वेगवेगळ्या वाटांनी वस्तीत शिरले. त्यामुळे त्याचा इतिहास सलग नाही, आणि यशही सगळीकडे सारखे नाही.

सवाई जयसिंगाने 1727 मध्ये वसवलेल्या या शहराच्या मूळ आखणीतच चौकड्या पाडलेल्या आहेत. चौकडीत रस्ते, रस्त्यांतून गल्ल्या, आणि कित्येक रस्त्यांना तिथल्या कारागिरांची नावे : मणिहारों का रास्ता, ठठेरों का रास्ता. परकोटाबाहेर शहर वाढले तशा जवाहर नगर, भट्टा बस्ती यांसारख्या वस्त्या उभ्या राहिल्या. आपण जिला झोपडपट्टी म्हणतो तिला इथे ‘कच्ची बस्ती’ म्हणतात. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 30 लाखांवर गेली होती.

पहिली वाट बिलांची. 2002 मध्ये जयपूर शहरात ‘लोकमित्र’ आणि झालावाड जिल्ह्यात ‘जनमित्र’ हे दोन प्रयोग सुरू झाले. वीज, पाणी, टेलिफोन यांची बिले एकाच ठिकाणी भरता यावीत, एवढाच लोकमित्रचा मुद्दा होता. जनमित्रचा भर ग्रामीण भागातल्या दाखल्यांवर आणि माहितीवर होता. पुढे दोन्ही एकत्र येऊन ‘ई-मित्र’ झाले. आज ई-मित्र म्हणजे बहुधा एका शटरचे खाजगी दुकान. आत एक संगणक, प्रिंटर, झेरॉक्सचे यंत्र, अंगठा घ्यायचे छोटे उपकरण आणि भिंतीवर सरकारी दरपत्रक. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, पेन्शनचा अर्ज, भरती परीक्षेचा फॉर्म, सगळे इथेच होते. दरपत्रक भिंतीवर का लावावे लागते, हे महा-ई-सेवा केंद्रात उभे राहिलेल्या मराठी वाचकाला सांगायला नको.

अंगठ्याचे उपकरण मात्र या शहरात वेगळाच प्रश्न उभा करते. लाखेच्या बांगड्या वळणाऱ्या किंवा रत्नांना पैलू पाडणाऱ्या कारागिराच्या बोटांवरच्या रेषा कामाने झिजलेल्या असतात. यंत्र अंगठा नाकारते, माणूस बोट पुसून पुन्हा टेकवतो, यंत्र पुन्हा नाकारते. मग मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीचा मार्ग उरतो, आणि मोबाइल बऱ्याचदा कामावर गेलेल्या मुलाकडे असतो.

दुसरी वाट प्रमाणपत्राची, आणि तिचे मूळ पुण्यात आहे. 2001 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने, म्हणजे एमकेसीएलने, एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गल्लीबोळांतल्या खाजगी केंद्रांमार्फत राज्यभर नेला. सरकारने प्रयोगशाळा बांधायच्या नाहीत. अभ्यासक्रम, परीक्षा आणि देखरेख महामंडळाची, जागा आणि यंत्रे स्थानिक केंद्रचालकाची, असे ते गणित होते. हाच साचा 2008 मध्ये एमकेसीएलच्या सहभागाने राजस्थानात गेला. जयपूरला राजस्थान नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड म्हणजे आरकेसीएल उभी राहिली आणि तिचा अभ्यासक्रम ‘आरएस-सीआयटी’ झाला. केंद्रांना ‘ज्ञान केंद्र’ म्हणतात. अभ्यासक्रम तीन महिन्यांचा, 132 तासांचा. परीक्षा कोट्याचे वर्धमान महावीर खुले विद्यापीठ घेते. 100 गुणांपैकी 30 अंतर्गत मूल्यमापनाचे, 70 अंतिम लेखी परीक्षेचे. मराठी माणसाने पाहिलेल्या एमएस-सीआयटीच्या खोलीत आणि सांगानेरच्या ज्ञान केंद्रात फारसा फरक नाही. तीच यंत्रांची रांग, तीच बॅचची वेळ, फक्त भाषा हिंदी.

या अभ्यासक्रमाला गर्दी होते ती ज्ञानाच्या ओढीने कमी, आणि नोकरीच्या अटीने जास्त. पटवारी, कनिष्ठ लिपिक अशा राज्य सरकारच्या पदांसाठी संगणकाचे प्रमाणपत्र लागते आणि आरएस-सीआयटी त्यासाठी चालते. यात वाईट काही नाही. पण मग मोहल्ल्यातला हुशार मुलगा जे शिकतो ते मोहल्ल्यातून बाहेर पडण्यासाठी, आणि वस्तीच्या कामाला त्याचा उपयोग होतोच असे नाही. याला थोडा अपवाद म्हणजे राज्याच्या महिला विभागाने मोफत दिलेले आरएस-सीआयटीचे प्रशिक्षण. त्यातून शिकलेली सून-लेक बहुधा त्याच गल्लीत राहते, आणि शेजारणीचा फॉर्म तिच्याकडे येतो. वस्तीच्या दृष्टीने एका पटवाऱ्यापेक्षा अशा दोन सुना जास्त कामाच्या, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

केंद्र सरकारची प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता मोहीम 2017 मध्ये आली. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतल्या प्रत्येकी एका व्यक्तीला शिकवण्याचे तिचे उद्दिष्ट होते. नावातच ‘ग्रामीण’ असल्याने जवाहर नगरच्या कच्च्या वस्तीला तिचा उपयोग नव्हता.

तिसरी वाट सर्वांत लांबची आणि सर्वांत राजस्थानी. मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून गावोगाव जनसुनवाया घेतल्या. मस्टरवर नाव कुणाचे, मजुरी किती, काम झाले की नाही, हे गावासमोर मोठ्याने वाचायचे आणि लोकांनी तिथेच खरे-खोटे सांगायचे. 1996 मध्ये ब्यावरला 40 दिवसांचे आणि 1997 मध्ये खुद्द जयपूरला 53 दिवसांचे धरणे झाले. राजस्थानचा माहिती अधिकार कायदा 2000 मध्ये आला, देशाचा 2005 मध्ये. देशाच्या कायद्याच्या कलम 4 प्रमाणे सरकारने कुणी न मागताही माहिती उघड करायची असते. त्याची संगणकावरची अंमलबजावणी म्हणजे 13 सप्टेंबर 2019 रोजी जयपूरला सुरू झालेले ‘जन सूचना पोर्टल’. आरंभी 13 खात्यांच्या 23 योजनांची माहिती त्यावर होती. पोर्टल कसे असावे याच्या चर्चांना सरकारी अधिकारी आणि चळवळीतले कार्यकर्ते एकत्र बसत. त्या बैठकांना ‘डिजिटल संवाद’ म्हणत. संगणक प्रणाली आखताना ती वापरणाऱ्या गरिबाला विचारावे, ही गोष्ट आपल्याकडे अजून दुर्मीळच.

या पोर्टलमुळे रेशन दुकानदाराने कोणत्या कार्डावर किती गहू दिल्याची नोंद केली, ते दुकानाच्या ग्राहकालाच पाहता येते. पण ते पाहण्यासाठी जिल्हा, मग शहर, मग दुकान अशा पायऱ्या उतराव्या लागतात. इथे प्रशिक्षणाला खरा अर्थ येतो. एकटीने पडद्यावर पाहिलेली नोंद कुरकुरीपुरती उरते. तीच छापून नळावर चार बायकांना वाचून दाखवली की दुकानदाराला उत्तर द्यावे लागते. जयपूरपासून सुमारे 100 किलोमीटरवरच्या तिलोनिया गावात 1972 मध्ये सुरू झालेल्या बेअरफुट कॉलेजने, शाळेत फार न गेलेली माणसेही यंत्र चालवू शकतात हे पूर्वीच दाखवून दिले होते. पोर्टलसमोर बसणाऱ्यांना तो धडा लागू आहे.

10 ऑगस्ट 2023 रोजी राज्य सरकारने इंदिरा गांधी स्मार्टफोन योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यात 40 लाख महिलांना फोन आणि इंटरनेट मिळायचे होते, त्यासाठी प्रत्येकी 6,800 रुपये ठरले होते. त्याच वर्षी निवडणूक आली, सरकार बदलले आणि योजना थांबली. ज्यांना फोन मिळाला त्यांचे ई-मित्रावाचून किती अडले नाही, हे मोजण्याची संधीही तिच्याबरोबर गेली.

इंटरनेट हाताशी असणे आणि ते चालू असणे यांतही इथे अंतर आहे. भरती परीक्षांत पेपर फुटू नये म्हणून राजस्थानात मोबाइल इंटरनेट बंद करण्याची सवय लागली. जुलै 2018 मध्ये कॉन्स्टेबल भरतीसाठी, 26 सप्टेंबर 2021 रोजी शिक्षकांच्या रीट परीक्षेसाठी जयपूरसह अनेक जिल्ह्यांत, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पटवारी भरतीसाठी अनेक जिल्ह्यांत ते बंद होते. म्हणजे ज्या पदासाठी संगणकाचे प्रमाणपत्र मागितले, त्याच पदाच्या परीक्षेच्या दिवशी दुकानदाराचे क्यूआर कोड आणि रिक्षावाल्याचे अॅप निरुपयोगी झाले.

जन सूचना पोर्टलवर माहिती पाहायला नोंदणी किंवा अर्ज लागत नाही. जयपूरच्या रेशन दुकानाची नोंद पुण्यात बसलेल्या वाचकालाही उघडून पाहता येते.