एक नाव, तीन माश्या: बंबलबी ओळखण्याचा इतिहास

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे लाकडी वाशाला भोक पाडणारा काळा भुंगा म्हणजे बंबलबी नव्हे. बंबलबी ही थंड हवेतली, अंगभर केस असलेली माशी. भारतात ती मुख्यतः हिमालयात भेटते. जगभरात तिच्या सुमारे 260 प्रजाती आहेत.

त्या वेगळ्या कशा ओळखायच्या? पहिलं उत्तर सोपं होतं: केसांच्या रंगावरून. लिनियसने 1758 मध्ये टेरेस्ट्रिस आणि 1761 मध्ये ल्युकोरम या प्रजातींना नावं दिली ती साधारण अशीच, पट्टे आणि शेपटाकडचा रंग बघून. पण रंग दगा देतो. एकाच प्रजातीत राणी, कामकरी आणि नर वेगळे दिसू शकतात. उलट, एकाच भागातल्या वेगवेगळ्या प्रजाती सारख्या दिसतात. डंखाची खूण सामायिक असली की पक्षी लवकर धडा शिकतात, आणि त्यात सगळ्यांचाच फायदा.

म्हणून 1884 मध्ये राडोश्कोव्स्की यांनी नरांच्या जननेंद्रियांची रचना तपासली. हा पुरावा बऱ्याच प्रजातींत भक्कम ठरला, पण ल्युकोरमच्या जवळच्या नातलगांत तोही अपुरा पडतो. तिथे अभ्यासक पुन्हा रंगाकडेच वळले. राणीचा पिवळा पट्टा पंखांच्या मुळाखाली उतरला तर मॅग्नस. पट्ट्यात इंग्रजी 'एस'सारखी काळी रेघ असली तर क्रिप्टारम.

2012 मध्ये युरोपातल्या संशोधकांनी आधी डीएनएवरून माश्यांची ओळख पक्की केली आणि मग या खुणा तपासल्या. प्रजाती खरंच तीन निघाल्या, पण खुणा एकमेकींत मिसळलेल्या! नुसत्या रंगावरून खात्रीने नाव सांगता येईना.

यात बिघडलं काय? तिघींची मोजणी एका नावाखाली होत असेल आणि त्यातली एक कमी होत चालली असेल, तर बाकी दोघींच्या आकड्यांत ती घट दडून जाते. संवर्धनाचा निर्णयच मग चुकतो.

तुमचा विषय माश्यांचा नसला तरी हे लक्षात ठेवा. पद्धतीच्या प्रकरणात नुसतं 'ओळख पटवली' असं लिहून भागत नाही. कोणत्या खुणेवरून पटवली तेही लिहा. आणि नमुना जपा. जुन्या वहीतली 'ल्युकोरम' ही नोंद आज तपासायची, तर संग्रहालयात टाचणीला लावलेली तीच माशी हाताशी असावी लागते.