नऊ महिने लाल सिग्नल

मी डॉक्टर नाही, इतिहासाचा प्राध्यापकही नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलेला साधा माणूस आहे. तरीही स्मरणिकेसाठी हा विषय का निवडला, ते आधी सांगतो.

गेल्या ३१ डिसेंबरला धाकटा भाऊ आणि त्याची पत्नी आमच्याकडे बिलासपूरला आले होते. तिला पाचवा महिना लागलेला. रात्री बारा वाजता मी सगळ्यांना ग्लास दिले आणि तिच्याही पुढे वाइनचा ग्लास केला. म्हटले, "अगं, द्राक्षाचा रसच तो. एका घोटाने काय होतंय?" ती शांतपणे म्हणाली, "भाऊजी, किती चालतं ते तुम्हाला नक्की ठाऊक आहे का?" मला उत्तर देता आले नाही. ते शोधायला बसलो आणि हा सगळा इतिहास हाती लागला.

सुरुवात आपल्याकडूनच करू. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाला अपायकारक गोष्टींची एक यादी आहे. नित्य मद्य घेणाऱ्या स्त्रीचे मूल तहानेने व्याकूळ, कमी स्मरणशक्तीचे आणि अस्थिर चित्ताचे होते, असे त्यात म्हटले आहे. त्याच यादीत नित्य गोड खाणाऱ्या स्त्रीचे मूल मुके होते, असेही आहे. तेव्हा 'आम्हाला सगळे आधीच ठाऊक होते' म्हणून छाती फुगवण्याचे कारण नाही. मात्र स्मरणशक्ती आणि चित्त हे दोन शब्द लक्षात ठेवावेत.

आता लंडनला जाऊ. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे जिन नावाची दारू अतिशय स्वस्त झाली आणि गोरगरीब स्त्री-पुरुष तिच्या आहारी गेले. १७२६ साली तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यांच्या संस्थेने पार्लमेंटला अर्ज केला, की या दारूमुळे दुबळी आणि रोगट मुले जन्माला येत आहेत. १७५१ साली विल्यम होगार्थ या चित्रकाराने 'जिन लेन' हे चित्र काढले. नशेत हसणाऱ्या आईच्या हातून तान्हे मूल खाली पडते आहे, असे ते दृश्य आहे. त्याच वर्षी जिनच्या विक्रीवर कडक कायदा झाला. १८३४ साली दारूबाजीची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीपुढेही अशा मातांच्या सुकलेल्या, अपुऱ्या वाढीच्या बाळांचा उल्लेख झाला.

पहिली पद्धतशीर मोजणी केली ती लिव्हरपूलच्या तुरुंगातील डॉक्टर विल्यम सुलिव्हन यांनी, १८९९ साली. त्यांनी १२० मद्यासक्त स्त्रियांच्या ६०० मुलांची माहिती जमवली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले मृत जन्मली होती किंवा दोन वर्षांच्या आत दगावली होती. त्यांच्याच नात्यातल्या, पण न पिणाऱ्या स्त्रियांच्या मुलांत हे प्रमाण चौथ्या हिश्श्याहूनही कमी होते. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. गरोदरपणी जी स्त्री तुरुंगात आली आणि जिची दारू सुटली, तिचे मूल चांगले निपजले. म्हणजे दोष रक्तात नव्हता, बाटलीत होता.

एवढे होऊनही हा इशारा विसरला गेला. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यावर असले जुने निष्कर्ष म्हणजे दारूबंदीवाल्यांचा प्रचार, असे लोकांना वाटू लागले. मुलांची दुरवस्था दिसली तर दोष कुळाला, गरिबीला किंवा आईच्या चालचलणुकीला दिला जाई. कहर म्हणजे १९६७ पासून काही वर्षे अकाली प्रसूती थांबवण्यासाठी गरोदर स्त्रियांना शिरेतून अल्कोहोल देण्याचा उपचार प्रचारात होता!

१९६८ साली फ्रान्समधील नांत येथील डॉक्टर पॉल लेमोआन यांनी मद्यासक्त पालकांच्या १२७ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ते फ्रेंचमध्ये होते आणि फारसे कोणी वाचले नाही. १९७३ साली अमेरिकेत सिएटलच्या केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ यांनी सहकाऱ्यांसह 'लॅन्सेट'मध्ये अशाच मुलांची माहिती दिली. लहान डोळे, पातळ वरचा ओठ, खुंटलेली वाढ, मंदावलेली बुद्धी. त्याच वर्षी या विकाराला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव मिळाले.

याचे कारण साधे आहे. आईच्या रक्तातले अल्कोहोल वारेतून थेट बाळाकडे जाते आणि बाळाचे यकृत ते पचवण्याइतके तयार नसते. मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो. पुष्कळ मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. पुढे शाळेत लक्ष लागत नाही, शिकवलेले आठवत नाही, आणि मार मिळतो तो आळशी म्हणून. स्मरणशक्ती आणि चित्त, ते हेच. झालेली हानी भरून येत नाही, पण ती पूर्णपणे टाळता येते.

१९८१ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलनी गरोदर स्त्रियांनी दारू घेऊ नये, असा सल्ला दिला. १९८९ पासून तिथे बाटलीवर तशी सूचना आली. आपल्या देशात २०१९ साली बाटलीवर जो इशारा सक्तीचा झाला, त्यात आरोग्याला अपाय आणि गाडी न चालवणे एवढेच होते. गरोदरपणाचा उल्लेख नव्हता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दारू घेणाऱ्या स्त्रिया देशात सुमारे १ टक्का, पण अरुणाचलमध्ये २४ टक्के आढळल्या. छत्तीसगडच्या खेड्यांतही सणासुदीला मोहाची दारू घरोघर असते. तेव्हा हा फक्त साहेबलोकांच्या पार्टीचा प्रश्न नव्हे.

आता वहिनीच्या, म्हणजे माझ्या भावजयीच्या, प्रश्नाचे उत्तर. किती चालते? अमुक इतकी सुरक्षित, अशी मर्यादा आजवर कोणालाही ठरवता आलेली नाही. आमच्या खात्यात यासाठी एक नियम आहे. सिग्नलची तार तुटली, तर त्याचा हात आपोआप आडवा, म्हणजे धोक्याच्या स्थितीत यायला हवा. खात्री नसेल तर गाडी थांबते, 'बहुधा रस्ता मोकळा असेल' म्हणून सोडली जात नाही. नऊ महिन्यांनाही हाच नियम लावावा.

दिवस गेल्याचे कळण्याआधी कोणी घेतली असेल, तर घाबरू नये. ज्या दिवशी थांबाल, त्या दिवसापासून बाळाचा फायदाच आहे. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. रोजची सवय असेल तर ती त्यांच्याच मदतीने सोडावी. आणि आपण पुरुषांनी? तीनशे वर्षे बोट आईकडेच दाखवले गेले, पण ग्लास बहुतेक वेळा पुढे करणारे आपणच असतो. दिवाळी आणि ३१ डिसेंबर पुढे आहेतच. घरात गरोदर स्त्री असेल तर त्या वर्षी सगळ्या घरानेच सरबत प्यावे, म्हणजे तिला कोणाला नाही म्हणावे लागणार नाही.

या विषयाचा जागतिक दिवस १९९९ पासून ९ सप्टेंबरला, म्हणजे नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी पाळतात. तो बहुधा गणेशोत्सवाच्या मागेपुढेच येतो. माझी पुतणी आता चार महिन्यांची झाली आहे आणि यंदा प्रथमच बाप्पाच्या आरतीला येणार आहे. त्या रात्री तिच्या आईने जो लाल सिग्नल दाखवला, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

गणपती बाप्पा मोरया!