रडत नाही, म्हणजे रुळलं?

आजची गोष्ट लंडनमधली, 1952 सालची. नायिकेचं वय दोन वर्षं पाच महिने.

त्या काळी तिथल्या इस्पितळांत लहान मुलांना भेटायची वेळ अगदी मोजूनमापून मिळायची. काही ठिकाणी तर आठवड्यातून एकदाच! कारण काय, तर आई दिसली की मूल रडतं, ती निघाली की आणखी रडतं. आई आलीच नाही, तर काही दिवसांत आपोआप गप्प होतं. वॉर्डात म्हणायचे, 'रुळलं बघा!'

जेम्स रॉबर्टसन यांना हे पटेना. महायुद्धाच्या काळात ते अ‍ॅना फ्रॉइड यांच्या बालगृहात कामाला होते. मुलांचं जे वागणं दिसेल ते लिहून ठेवायचं, हा तिथला नियम. पुढे जॉन बोल्बी यांच्यासोबत काम करताना त्यांनी इस्पितळातल्या मुलांच्या वागण्याचे तीन टप्पे मांडले. आधी मूल आकांत करतं. मग हताश होऊन गप्प बसतं. शेवटी आईशी परक्यासारखं वागू लागतं. म्हणजे ज्याला 'रुळणं' म्हणत होते, ते खरं तर आशा सोडणं होतं.

डॉक्टरांना हे पटवायचं कसं? रॉबर्टसननी कॅमेरा घेतला. लॉरा नावाची मुलगी छोट्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस इस्पितळात होती. रोज ठरलेल्या वेळी चित्रीकरण, तेही घड्याळ दिसेल असं. उगाच रडण्याचेच तुकडे निवडले, असं कुणी म्हणायला नको!

गंमत म्हणजे लॉरा फारशी रडतच नाही. टेडीला धरून बसते, मधूनच हळूच आईला मागते. आणि घरी निघताना आईचा हात धरत नाही. मला तरी तिथे गलबलून येतं. या वयात आई पक्की आठवते, पण 'उद्या येते' म्हणजे नक्की किती वेळ, हे कळत नाही.

फिल्म पाहून बरेच डॉक्टर चिडले. पण 1959 मध्ये सरकारी प्लॅट अहवालानं सांगितलं: भेटीवरची बंधनं काढा, लहानग्यांसोबत आईला राहू द्या. प्रत्यक्षात बदलायला आणखी बरीच वर्षं गेली.

तेव्हा 'किती शहाणं बाळ, आईशिवाय अजिबात रडत नाही' असं पुन्हा कानावर आलं, तर जरा त्या बाळाकडे नीट बघा. चला, भेटू पुढच्या भागात!